वही सोलापूरची, किल्ली कोणाची?

जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातील यंत्रे चालूच होती. बंद पडले ते कंपनीचे टपाल. 'नायरा एनर्जी' ही भारतात नोंदलेली, भारतीय कायद्याने चालणारी आणि भारतातच तेल शुद्ध करणारी कंपनी. तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचे सुमारे ४९ टक्के भांडवल आहे म्हणून युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि त्यापाठोपाठ अमेरिकेच्या मायक्रोसॉफ्टने तिची ईमेलची व दस्तऐवजांची सेवा थांबवली. भारत सरकारचा निर्बंध नव्हता, कोणत्याही भारतीय न्यायालयाचा आदेश नव्हता. आपण सर्व शुल्क भरलेले आहे, असे कंपनी सांगत होती आणि तिचीच माहिती तिला उघडता येत नव्हती. तिने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले, तेव्हा काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली.

नायराला दिल्लीत नामवंत वकील उभे करता आले. सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत वीस-पंचवीस शिलाई यंत्रे मांडून शालेय गणवेशाची नवी कंपनी काढणाऱ्या तरुणाला ते जमणार आहे काय?

यावर ठरलेले उत्तर येते, की ब्रुसेल्सला सोलापूरच्या गणवेशवाल्यावर निर्बंध घालण्याची गरजच काय! गरज नाही, हे खरेच. परंतु लहान उद्योगाची वही बंद पाडायला आंतरराष्ट्रीय राजकारण लागतच नाही. विक्रेत्याने आपल्या सोयीने धंदा गुंडाळला तरी पुरे होते. 'क्विकबुक्स' ही अमेरिकेच्या इंट्युइट कंपनीची इंटरनेटवरील हिशेबप्रणाली भारतातल्या लहान उद्योगांना अनेक वर्षे विकली जात होती. २०२२ साली कंपनीने भारतातून ही सेवा मागे घेत असल्याचे जाहीर केले आणि २०२३ साली ती बंद झाली. ग्राहकांना सांगितले गेले ते एवढेच, की मुदतीत आपली माहिती उतरवून घ्या. ज्यांनी उतरवून घेतली त्यांच्या हाती आकड्यांचे तक्ते आले. ते तक्ते वाचून त्यातून पुन्हा खाते, बीजक, येणे-देणे उभे करणारी प्रणाली मात्र तिच्या मालकाबरोबर निघून गेली. यात इंट्युइटने काही बेकायदेशीर केले असे नव्हे. भाड्याचे घर मालकाने रिकामे करून मागितले, एवढेच. प्रश्न असा आहे, की धंद्याची चोपडी भाड्याच्या घरात ठेवण्याचा सल्ला नवउद्योजकांना इतक्या सहजपणे कोण देते, आणि तो मुकाट्याने ऐकला का जातो?

सोलापूरने तो ऐकावा याचे विशेष आश्चर्य वाटते. या नगरीची ख्याती ज्या चादरीमुळे झाली आणि जिला भौगोलिक मानांकन लाभले, ती चादर जेकार्डच्या मागावर विणली जाते. जेकार्ड म्हणजे काय, तर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पानांची माळ. कोणता धागा उचलायचा आणि कोणता खाली ठेवायचा, हे ती छिद्रे मागाला सांगतात. फ्रान्समधील लिआँ येथे १८०४ च्या सुमारास सिद्ध झालेल्या याच युक्तीवरून पुढे गणनयंत्रांना आज्ञा देण्याची कल्पना निघाली, हे संगणकाच्या इतिहासात नोंदलेले आहे. म्हणजे सोलापूरच्या विणकराच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या एक आज्ञावलीच होती. ती त्याला डोळ्यांनी दिसत होती. पान फाटले तर दुसरे पाडता येत होते, मोराच्या जागी कमळ हवे असेल तर छिद्रे बदलता येत होती. ही माळ बंद पेटीत आहे, दरमहा भाडे द्या, भाडे थकले की माग थांबेल, नक्षी बदलायची असेल तर परदेशी अर्ज करा, असे कोणी सांगितले असते, तर पूर्व भागातील मागवाल्याने त्याला चहासुद्धा पाजला नसता. त्याच मागवाल्याचा नातू आज संगणकावर नेमकी हीच अट न वाचता मान्य करतो.

मुक्तस्रोत प्रणालीचा अर्थ याहून वेगळा नाही. जिची मूळ आज्ञावली वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते आणि हे सारे करण्याचा हक्क परवान्यानेच कायमचा दिलेला असतो, ती मुक्तस्रोत प्रणाली. इंग्रजीत 'मुक्त' आणि 'फुकट' या दोहोंना एकच शब्द असल्यामुळे ही चळवळ उभी करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना १९८३ पासून तोच खुलासा पुन्हा पुन्हा करावा लागला. मराठीत सुदैवाने दोन शब्द आहेत. तरीही सोलापुरात कोणी या प्रणालीचे नाव काढले, की पहिला प्रश्न "म्हणजे फुकट ना?" असाच येतो, आणि तिथेच चर्चा चुकीच्या वाटेला लागते.

फुकटच हवे असेल तर त्याची एक जुनी वाट आहेच. शेजारच्या दुकानातून कोणाकडून तरी 'क्रॅक' केलेली प्रत आणून टाकायची. तिची चर्चा चारचौघांत होत नाही, म्हणून ती येथे केली पाहिजे. प्रताधिकार कायदा १९५७ मधील कलम ६३ब प्रमाणे चोरीची संगणकप्रणाली जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा असून त्याला किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. धंद्यासाठी वापर असेल तर कारावासातून सूट मिळण्याची वाटही उरत नाही. शिवाय जी प्रत कोणी फोडली हे ठाऊक नाही, तिच्या आत त्याने आणखी काय ठेवले आहे हेही ठाऊक नसते. अशा यंत्रावर बँकेचा परवलीचा शब्द टंकणारा मालक रात्री दुकानाला तीन कुलपे लावून घरी जातो, हा विनोद करुणच म्हणायचा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. धडधाकट चालणाऱ्या जुन्या संगणकांचे काय करायचे, हा प्रश्न त्यामुळे अनेक लहान कचेऱ्यांपुढे आला. त्या संगणकांवर लिनक्स आणि लिबरऑफिस चालते. केरळातील शाळांनी हा मार्ग दोन दशकांपूर्वीच धरला आहे. सोलापुरात अजून त्याची चर्चाही नाही.

दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे, कारण तो परक्यांकडून येत नाही. तो स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्यांकडूनच येतो. परदेशी प्रणाली नको ना, मग झोहो घ्या, टॅली घ्या, प्रश्न मिटला, असे ही मंडळी म्हणतात. त्या दोन्ही कंपन्यांबद्दल आदरच असला पाहिजे. श्रीधर वेम्बू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली सुरू केलेल्या कंपनीने तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ठिकाणी बसून जगाला सॉफ्टवेअर विकून दाखवले. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल तिच्या व्यवस्थेवर गेले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव यांनी आपले कार्यालयीन काम झोहोवर नेत असल्याचे जाहीर केले. टॅलीने तर १९८६ पासून दोन पिढ्यांच्या हिशेबनिसांना संगणकाची भीती सोडायला शिकवले. परदेशी भाड्याच्या तुलनेत देशी भाडे केव्हाही बरे. पण ते भाडेच. या प्रणालींची आज्ञावली बंद आहे आणि किल्ली एकाच मालकाच्या हाती आहे. तो मालक आज देशभक्त आहे, ही समाधानाची गोष्ट असली तरी तो कायदेशीर हक्क नव्हे. 'थम्स अप' हे अस्सल स्वदेशी पेय होते. १९९३ साली ते लिम्का आणि गोल्ड स्पॉटसह कोका-कोलाकडे गेले. २०१८ साली फ्लिपकार्टचा मोठा हिस्सा वॉलमार्टने घेतला. पेय विकले गेले तर ग्राहक दुसऱ्या दिवशी उसाचा रस पिऊ शकतो. दहा वर्षांचे हिशेब ज्या पेटीत आहेत ती पेटी विकली गेली, तर त्या ग्राहकाने काय करावे?

उलट लिनक्सचा जन्म १९९१ साली फिनलंडमध्ये झाला; पण तिची आज्ञावली सोलापूरच्या संगणकावर उतरली, की ती परत मागण्याचा अधिकार जगातल्या कोणत्याही सरकारला किंवा कंपनीला उरत नाही. अर्थाने स्वदेशी कोणती मानायची? पुण्यात १९८८ साली सी-डॅकची स्थापना का झाली, हे आठवावे. अमेरिकेने क्रे महासंगणक देण्यात अडथळे आणले, त्या अनुभवातून डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम' उभा राहिला आणि १९९१ साली तो कामाला लागला. तेव्हा देशाने ओळखले होते, की यंत्र आपल्या हाती हवे. आज यंत्र प्रत्येकाच्या टेबलावर आहे आणि हातातून निसटली आहे ती आज्ञावली. केंद्र सरकारने २०१५ साली आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोत प्रणालींना प्राधान्य देण्याचे धोरण स्वीकारले ते याच जाणिवेतून. शासनाला जे पटले ते औद्योगिक वसाहतीपर्यंत पोहोचवण्याचे कष्ट मात्र कोणी घेतले नाहीत.

स्वदेशी आणि मुक्त अशी दोन्ही असणारी प्रणाली नसती, तर हा वाद निव्वळ तात्त्विक राहिला असता. ती आहे, आणि महाराष्ट्रातच जन्मली आहे. मुंबईचे रुषभ मेहता यांना घरच्या व्यवसायासाठी परवडेल आणि चालेल अशी व्यवसायप्रणाली सापडेना, म्हणून त्यांनी ती स्वतःच लिहायला घेतली. २००८ साली सुरू झालेल्या त्यांच्या कंपनीचे आजचे नाव फ्रॅपे, आणि प्रणालीचे नाव ईआरपीनेक्स्ट. हिशेब, खरेदी-विक्री, कोठाराची नोंद, उत्पादन हे सारे तिच्यात आहे. जो तिची सुधारित आवृत्ती दुसऱ्याला देईल त्यानेही ती खुलीच द्यावी, अशी अट घालणाऱ्या जीपीएल परवान्याखाली ती दिली जाते. तिच्याखालची माहितीची कोठी, म्हणजे मारियाडीबी, आणि लिनक्स हीसुद्धा मुक्तच आहेत. बंगळूरच्या झिरोधाने तिच्यावर आपले काम चालवले आणि २०२० साली फ्रॅपेत दहा कोटी रुपये गुंतवले. भारतातील वस्तू व सेवा कराची गुंतागुंत सांभाळणारा 'इंडिया कम्प्लायन्स' हा जोडभागही खुला आहे. बेल्जियमची ओडू हीसुद्धा मुक्त म्हणून ओळखली जाते. पण तिच्या खुल्या आवृत्तीत हिशेबाचा भाग अपुरा आहे आणि पूर्ण हिशेब हवा असेल तर सशुल्क, बंद आवृत्तीकडे जावे लागते. दुकानाची काच मुक्त, आतला माल बंद! 'मुक्त' हा शब्द जाहिरातीत वाचून विश्वास ठेवू नये, एवढ्यापुरते हे उदाहरण ध्यानात घ्यावे.

आता गणवेशाच्या धंद्याकडे वळावे, कारण तत्त्वाची कसोटी तिथेच लागते. शाळांच्या मागण्या उन्हाळ्याआधी येतात आणि जूनच्या आत माल द्यावा लागतो. एकाच सदऱ्याचे दहा-बारा मापांचे नग असतात. कापडाचे तागे येतात, कापणी एकीकडे होते, शिलाईचा बराच भाग जॉबवर्कने बाहेर जातो आणि काजे-बटण तिसरीकडे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला माल वर्षभरात परत आल्याची नोंद दाखवावी लागते. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के आणि त्यावर अठरा टक्के कर आहे. उलाढाल पाच कोटींवर गेली की ई-बीजक बंधनकारक होते. या सगळ्याचा हिशेब टॅलीतील खात्यात शेवटी उतरतो खरा, पण ताग्यापासून बीजकापर्यंतची वाट मधल्या काळात कोणाच्या तरी डायरीत किंवा कटिंग मास्टरच्या डोक्यात असते. कटिंग मास्टर गावी गेला की कारखान्याची स्मृती रजेवर जाते.

त्यात कंपनी कायद्याची भर आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनी म्हणून नोंदलेल्या प्रत्येक उद्योगाच्या हिशेबप्रणालीत, कोणती नोंद केव्हा बदलली याची बंद न करता येणारी नोंद राहिली पाहिजे. हिशेबाची राखीव प्रत दररोज भारतातील सर्व्हरवर ठेवली गेली पाहिजे. भाड्याच्या प्रणाली बहुधा माणशी शुल्क आकारतात. शुल्क वाचवण्यासाठी मालक, हिशेबनीस, कोठारप्रमुख आणि माल रवाना करणारा कारकून असे चौघे एकाच नावाने व एकाच परवलीच्या शब्दाने आत शिरतात. मग बदलाची नोंद राहते, पण बदल कोणी केला ते कळत नाही, आणि कायद्याचा हेतू चार पैशांसाठी पाण्यात जातो. ईआरपीनेक्स्ट स्वतःच्या सर्व्हरवर चालवली तर माणसे मोजून पैसे द्यावे लागत नाहीत. चौघांना चार नावे देता येतात. शिलाईवर देखरेख करणाऱ्या भगिनीलाही पाचवे देता येते. पडद्यावरचे शब्द मराठीत आणता येतात. तेलुगू घरांतून आलेल्या कामगारांसाठी तेलुगूतही आणता येतात, आणि त्यासाठी कोणाच्याही परवानगीची वाट पाहावी लागत नाही. दोन्ही भाषा ज्या नगरीच्या कारखान्यांत सारख्याच कानी पडतात, तेथे ही सोय किरकोळ नव्हे.

सनदी लेखापालांचा एक आक्षेप मात्र टाळून चालणार नाही. आज्ञावली खुली असेल तर बदलाची नोंदच काढून टाकता येईल, असे ते म्हणतात. येईल, हे कबूल केले पाहिजे. पण ज्याच्या यंत्रावर माहिती आहे आणि ज्याच्या हाती यंत्राचा पूर्ण ताबा आहे, तो बंद प्रणालीतही बरेच काही करू शकतो. उपाय प्रणाली बंद ठेवण्यात नाही, यंत्राचा ताबा आणि हिशेबाचा ताबा एकाच माणसाकडे न ठेवण्यात आहे. खुल्या आज्ञावलीत निदान लेखापरीक्षकाला हवे तर ती मूळ आवृत्तीशी ताडून पाहता येते. बंद पेटीत त्याला विक्रेत्याच्या शब्दावर सही करावी लागते.

खर्चाबाबतही आडपडदा नको. सर्व्हरचे भाडे पडते, ई-बीजकासाठी सरकारी यंत्रणेशी जोडणी देणाऱ्या सेवेचे शुल्क पडते आणि सर्वांत मोठा खर्च माणसाचा असतो. प्रणाली बसवणे, जुन्या नोंदी आणणे, माणसांना शिकवणे, आवृत्ती बदलताना काही मोडणार नाही हे पाहणे, यात महिने जातात. एकट्याने चालवलेल्या दुकानाने या वाटेला जाऊ नये, त्याची चोपडी किंवा टॅली पुरेशी आहे. परंतु ज्या कंपनीला वाढायचे आहे तिचा पैसा कुठे जातो, हे पाहण्यासारखे आहे. परवान्याचा पैसा जिल्ह्याबाहेर जातो आणि दरवर्षी जातो. माणसाचा पैसा सोलापुरात राहू शकतो. वालचंद तंत्रनिकेतन १९८३ पासून अभियंते घडवत आहे, विद्यापीठ २००४ पासून आहे. येथून पदवी घेणारी मुले पुण्याच्या गाडीत बसतात, कारण गावात त्यांना विचारणारा कोणी नसतो. आणि गावातील कारखानदार म्हणतो, की गावात संगणकाचा जाणकार मिळत नाही. ईआरपीनेक्स्ट ज्या पायथॉन भाषेत लिहिली आहे ती महाविद्यालयांत शिकवली जाते. अंतिम वर्षाच्या मुलांना ग्रंथालयाच्या नोंदीचे तेच ते जुने प्रकल्प करायला लावण्याऐवजी चिंचोळीच्या एखाद्या कारखान्याची जॉबवर्कची नोंद बसवायला सांगितले, तर त्यांची बुद्धी पुण्याला जाण्यापूर्वी एकदा तरी गावाच्या उपयोगी पडेल. औद्योगिक संघटनांनी दहा कारखान्यांमागे एक जाणकार नेमला तरी प्रत्येकाचा भार हलका होतो. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही.

जो उद्योजक ही वाट धरील त्याने एका फसवणुकीपासून सावध असावे. ती परदेशी नाही, घरचीच आहे. प्रणाली मुक्त असते, पण ती बसवून देणारा सल्लागार सर्व्हर स्वतःच्या नावावर घेतो, संकेतस्थळाचे नाव स्वतःच्या नावावर नोंदवतो, आणि कंपनीसाठी केलेले फेरफार लिहिलेली आज्ञावली देत नाही. मग मुक्त प्रणालीचा मालक पुन्हा भाडेकरूच होतो, फक्त घरमालक गावातला असतो. म्हणून करारातच लिहून घ्यावे, की सर्व्हरचे खाते कंपनीचे, नाव कंपनीचे, फेरफाराची आज्ञावली कंपनीच्या हाती, आणि राखीव प्रत रोज कंपनीच्या ताब्यातील दुसऱ्या जागी. एवढे लिहून द्यायला जो कचरतो त्याला काम देऊ नये.

राखीव प्रत ठेवली म्हणजे झाले, असेही नाही. वर्षातून एकदा, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, त्या प्रतीवरून दुसऱ्याच संगणकावर सगळी प्रणाली पुन्हा उभी करून पाहावी, आणि सल्लागाराला त्या खोलीत येऊ देऊ नये. मागच्या वर्षातील एखाद्या शाळेचे बीजक निघते का, एखाद्या जॉबवर्कच्या मालाची नोंद सापडते का, ते तपासावे. निघत नसेल तर ते ३१ मार्चपूर्वी कळलेले बरे. १ एप्रिलपासून नव्या वर्षाच्या नोंदी सुरू होतात, आणि मे उजाडला की शाळांच्या मागण्यांपुढे कारखान्यात कोणाला मान वर करायलाही सवड राहत नाही.